इयत्ता तिसरीच्या पालकांना खुले पत्र: या सत्रात मुलांच्या चुका वर्गापर्यंत येऊ द्या

इयत्ता तिसरीच्या वर्गातील सर्व मुलांच्या पालकांस,

सप्रेम नमस्कार.

नवे सत्र सुरू झाले की पालकांकडून साधारणपणे तीन प्रश्न येतात: काय शिकवणार, काय आणायचे आणि घरी काय करून घ्यायचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देणे सोपे आहे. तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र माझे म्हणणे आपल्यापैकी अनेकांच्या अपेक्षेहून वेगळे आहे, आणि ते शाळा सुटताना फाटकाशी उभ्या उभ्या एकेकाला सांगण्यापेक्षा सर्वांसमोर एकदाच सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे. माझी विनंती अशी की मुलांनी घरी केलेले काम त्यांनी जसे केले तसेच, खाडाखोडीसह आणि चुकांसह, वर्गात येऊ द्यावे. ते सुधारून, पुन्हा लिहून घेऊन किंवा उत्तर सांगून पाठवू नये.

यात शिस्तीचा किंवा प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. कारण अगदी व्यावहारिक आहे. लहान मुलांच्या चुका बहुधा उगाच घडत नाहीत. त्यांच्यामागे मुलाने स्वतःच बनवलेला एखादा नियम असतो आणि तो नियम चुकीचा असला तरी मूल तो इमानाने पाळत असते. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या गणितातील चुकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. निष्काळजीपणाच्या वाटणाऱ्या कितीतरी चुकांमागे एखादी ठरावीक चुकीची पायरी असते आणि ती सापडली की मूल पुढच्या उदाहरणात कोणते चुकीचे उत्तर लिहील हेही आधी सांगता येते, असे त्यांनी दाखवले. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की चुकलेल्या उत्तरात मुलाच्या विचाराचा पत्ता असतो. तो पत्ता घरीच खोडला गेला, तर मला वर्गात चाळीस मिनिटांच्या तासात तो नव्याने शोधत बसावे लागते, आणि पुष्कळदा तो सापडतही नाही.

वजाबाकीचेच पाहा. ५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर काही मुले ३५ असे उत्तर लिहितात. एककाच्या घरात वर २ आहेत आणि खाली ७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करते आणि ५ लिहिते. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य त्याला मोठ्या माणसांनीच पूर्वी कधीतरी सांगितलेले असते आणि ते त्याने फारच मनावर घेतलेले असते. हेच मूल ५८ मधून २३ आणि ७९ मधून ४६ बिनचूक वजा करते, कारण तिथे त्याचा नियम अडखळत नाही. आता समजा, घरी त्याच्या दहा उदाहरणांपैकी चुकलेली चार उदाहरणे आपण दुरुस्त करून घेतलीत. माझ्यासमोर दहापैकी दहा बरोबर असलेली वही येते आणि मी त्याला तीन अंकी वजाबाकीकडे नेते. तिथे ५०३ वजा २७८ हे उदाहरण येते. दशकाच्या घरात शून्य आहे, त्यामुळे आधी शतक मोडून दशक करावे लागते आणि त्यातला एक दशक मोडून एकक करावे लागतात. ज्या मुलाला दशक मोडणे म्हणजे काय हेच कळलेले नाही, ते शून्याला वळसा घालून थेट पाचाचे चार करते, तिनाचे तेरा करते, दशकात शून्यातून सात जात नाहीत म्हणून सात तसेच उतरवते आणि २७५ लिहून मोकळे होते. उत्तर २२५ आहे. दोन आठवड्यांपूर्वीची चूक दिसली असती तर काड्यांचे दोन गठ्ठे सोडून दाखवण्यात जे काम झाले असते, त्याला आता महिना लागतो.

याच संदर्भात आणखी एक सांगायला हवे. आपल्यापैकी काहींनी लहानपणी वजाबाकीची दुसरी रीत शिकलेली असेल, ज्यात वरच्या अंकाला दहा दिले की खालच्या शेजारच्या अंकात एक मिळवायचा असतो. ती रीत चुकीची नाही. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली की फरक बदलत नाही, हे तिच्यामागचे तत्त्व सुंदरच आहे. परंतु वर्गात आम्ही दशक सुटे करण्याची रीत वापरतो, आणि मुलाच्या मनात पहिली रीत स्थिरावण्याआधी दुसरी आली की ते दोन्हींची सरमिसळ करून तिसरीच, कुठेच न पोहोचणारी रीत तयार करते. म्हणून आपली रीत दाखवण्याचा मोह या सत्रापुरता आवरावा. आधीच दाखवली असेल, तर तसे मला कळवावे. त्यानुसार मला समजावता येईल.

गणितात या सत्रात चार अंकी संख्या, हातच्याची बेरीज आणि वजाबाकी, गुणाकार, भागाकाराची ओळख, अर्धा-पाव-पाऊण हे अपूर्णांक, लांबी-वजन-धारकता यांचे मापन आणि घड्याळ एवढे घटक आहेत. चार अंकी संख्या लिहिताना ‘चार हजार पाच’ ही संख्या ४०००५ अशी लिहिलेली दिसली तर हसू नये. मुलाने चार हजार ऐकले, ४००० लिहिले, पाच ऐकले आणि पुढे ५ लिहिला. ऐकले तसेच लिहिले, एवढाच त्याचा अपराध. मराठी संख्यानामांची अडचण याहून वेगळी आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो आणि मग पन्नास, पण लिहिताना आधी ५ लिहितो. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ३५ लिहून मोकळे होते. ‘एकोणसत्तर’ ऐकल्यावर त्याला ‘सत्तर’ ठळक ऐकू येते आणि ते ७९ लिहिते. शंभरापर्यंतच्या नावांत अशी अनेक वळणे आहेत आणि ती पाठ होण्यास वेळ लागतो, म्हणून श्रुतलेखनात अंक उलटा पडला तर मूल ‘गणितात कच्चे’ आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्याला संख्या कळली आहे की केवळ तिचे नाव कळलेले नाही, या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या तपासायच्या असतात आणि त्या तपासण्यासाठी मला तो उलटा पडलेला अंक लागतो.

पाढ्यांविषयी पालकांच्या मनात सर्वाधिक चिंता असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. एक ते दहा या पाढ्यांत एकूण १०० गुणाकार येतात आणि ते आकडे मुलाला डोंगराएवढे वाटतात. परंतु ७ × ८ आणि ८ × ७ एकच आहेत हे एकदा पटले की वेगळे गुणाकार ५५ उरतात. त्यातून एक, दोन, पाच आणि दहा यांचे, जे मुलांना फारसे जड जात नाहीत, काढून टाकले तर खरोखर पाठ करावे लागणारे गुणाकार फक्त २१ राहतात. या सत्रात आम्ही याच क्रमाने जाणार आहोत. घरी रोज सगळे पाढे सुरात म्हणून घेण्यापेक्षा या २१ पैकी तीन-चार गुणाकार मधूनच, क्रम मोडून, विचारावेत. आणि उत्तर आले नाही तर पाढा पाहायला देण्याआधी मुलाला थोडे आठवू द्यावे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणावरील आपल्या प्रयोगांत दाखवले होते की एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न स्मरणाला अधिक बळ देतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांतूनही स्पष्ट झाले. आठवताना मूल अडखळते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते. तो अडखळण्याचा वेळ वाया गेला असे आपल्याला वाटते, पण खरे काम तेव्हाच चाललेले असते.

अपूर्णांकात एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा आहे असे बहुतेक मुले आधी म्हणणार, कारण आठ चारांपेक्षा मोठे असतात. कागदाच्या सारख्या पट्ट्या घड्या घालून कापल्या की हे आपोआप सुटते. मापनात पट्टीवरील शून्याऐवजी १ च्या रेघेपासून मोजणे ही नेहमीची चूक असते, त्यामुळे १२ सेंटिमीटरची पेन्सिल १३ सेंटिमीटर भरते. घड्याळासाठी मात्र घरून मदत हवी आहे. घरात काट्यांचे घड्याळ असेल तर ते मुलाला दिसेल अशा जागी लावावे आणि दिवसातून एक-दोनदा वेळ विचारावी. दहाला दहा मिनिटे कमी असताना छोटा काटा दहाच्या अगदी जवळ आलेला असतो, म्हणून मूल ‘दहा वाजून पन्नास मिनिटे’ असे सांगेल. छोटा काटा उड्या मारत नाही, हळूहळू सरकतो, हे त्याला पुस्तकातील चित्रावरून कळत नाही. समोर चालते घड्याळ असल्यावर कळते.

आता भाषेकडे येते. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि तिसरी-चौथीच्या सुमारास त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा सुरू होते. वाचनाच्या टप्प्यांचा हा विचार अमेरिकेतील संशोधक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये मांडला होता, आणि वर्गात त्याचा प्रत्यय दरवर्षी येतो. आतापर्यंत एका ओळीच्या वाक्यांवर सहज चालणारी मुले या सत्रात तीन-चार ओळींच्या वाक्यांवर थबकतात. कारण वाचनाचा वेग कमी असेल तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. प्रत्येक शब्द बरोबर उच्चारूनही ‘काय वाचलेस?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. म्हणून या सत्रात रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन, एवढाच भाषेचा ठरलेला गृहपाठ असेल. वाचून झाल्यावर मुलाने जे वाचले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि घरातील कोणीतरी ते ऐकावे. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता येत असलेच पाहिजे असे नाही.

मूल एखाद्या शब्दावर अडले तर लगेच शब्द पुरवू नये, थोडे थांबावे. आणि ते काय वाचते याकडे नीट लक्ष द्यावे. ‘पर्वत’ या शब्दाच्या जागी एक मूल ‘डोंगर’ वाचते आणि दुसरे ‘पवर्त’ वाचते. पहिल्याला अर्थ कळला आहे, पण त्याने अक्षरे न पाहता चित्रावरून किंवा संदर्भावरून अंदाज केला आहे. दुसऱ्याने अक्षरे इमानेइतबारे वाचली आहेत, पण रफार कुठल्या अक्षराच्या आधी उच्चारायचा हे त्याला उमगलेले नाही, आणि आपण वाचलेल्या शब्दाला काही अर्थ आहे का, असे त्याने स्वतःला विचारलेले नाही. दोघांनाही घरी ‘पर्वत, पर्वत म्हण’ असे सांगून पुढे नेले तर दोघांच्याही बाबतीत खरी अडचण तशीच राहते. वाचताना अडलेले शब्द एका कागदावर तसेच्या तसे, मुलाने उच्चारले तसे, लिहून पाठवता आले तर माझ्यासाठी त्याहून उपयोगी दुसरे काही नाही.

लेखनात या सत्रात पाच-सहा वाक्यांचे स्वतःचे वर्णन, छोटे पत्र आणि जोडाक्षरांचे श्रुतलेखन असेल. मुलांच्या स्वतंत्र लेखनात मी सर्वच अशुद्ध शब्दांभोवती लाल वर्तुळे काढणार नाही. एका वेळी एकाच प्रकारच्या चुका घेईन. गेल्या सत्रातील वह्या पाहून काही पालकांनी ‘बाई चुका तपासत नाहीत’ अशी तक्रार केली होती, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे. ज्या मुलाने सहा वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिली आहेत, त्याच्या पानावर वीस वर्तुळे काढली की पुढच्या वेळी ते तीनच वाक्ये लिहिते आणि तीही फक्त खात्रीच्या शब्दांची. शिवाय यातील काही चुका प्रगतीच्या खुणा असतात. ‘मूल’ हा शब्द दीर्घ लिहायचा हे पक्के झालेले मूल ‘मूलाला’ असेही लिहिते. त्याने नियम शिकला आहे. प्रत्यय लागला की तो दीर्घ उकार ऱ्हस्व होतो आणि ‘मुलाला’ असे लिहायचे, हे अजून शिकायचे आहे. ‘फूल’ आणि ‘फुलाला’, ‘जमीन’ आणि ‘जमिनीवर’ अशा जोड्या आम्ही सत्राच्या मध्यावर एकत्र घेणार आहोत. तोवर वहीत ‘मूलाला’ राहिले तर आभाळ कोसळणार नाही.

परिसर अभ्यासात सजीव-निर्जीव, वनस्पतींची वाढ, पाणी, दिशा आणि नकाशा, तसेच सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची ओळख आहे. इथे घरून होणारी ‘मदत’ मला सर्वाधिक खटकते, कारण निरीक्षणाची वही सुंदर दिसावी म्हणून निरीक्षणच बदलले जाते. मुले कोणत्याही कडधान्याचे काही दाणे दोन भांड्यांत पेरतील. एक भांडे उजेडात आणि एक अंधाऱ्या कपाटात ठेवतील, दोन्हींना पाणी सारखेच घालतील. अंधारातले दाणे उगवणारच नाहीत, असा बहुतेक मुलांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात ते उगवतात, इतकेच नव्हे तर त्यांचे कोंब उजेडातल्या कोंबांपेक्षा उंच होतात, मात्र ते पिवळट आणि अशक्त राहतात. अशा वेळी ‘प्रयोग फसला’ असे समजून ते भांडे फेकून दुसरे लावू नये. मुलाचा अंदाज आधीच लिहून ठेवावा, नंतर जे दिसले ते लिहावे आणि दोन्ही तसेच राहू द्यावेत. अंदाज आणि निरीक्षण यांचे पटत नाही तिथूनच वर्गातील चर्चा सुरू होते.

सावलीचेही तसेच. मोकळ्या जागेत एक काठी उभी करून दिवसातून चार-पाच वेळा तिच्या सावलीची लांबी मोजायची आहे. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आपणही बजावावे. सर्वांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजताच पडेल असे नाही, कारण घड्याळातील वेळ ही एका मोठ्या प्रदेशासाठी मिळून ठरवलेली असते आणि प्रत्येक ठिकाणी सूर्य डोक्यावर येण्याची वेळ थोडी मागेपुढे होते. त्यामुळे मुलाच्या मोजणीत सव्वाबाराची सावली बाराच्या सावलीपेक्षा आखूड निघाली तर आकडा बदलू नये. चंद्राचे निरीक्षण एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवस, करायचे आहे. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून काही रात्री मूल झोपेपर्यंत तो दिसणारच नाही आणि काही दिवशी सकाळी शाळेत येताना दिसेल. ढगाळ दिवशी चौकट रिकामी ठेवावी. दिनदर्शिकेत पाहून ती भरून देऊ नये.

पृथ्वीच्या आकाराबद्दल एक अभ्यास मला नेहमी आठवतो. स्टेला व्होस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतील पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांना पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले आणि १९९२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य मुले सहज म्हणत होती. पण अधिक खोदून विचारल्यावर काहींच्या मनातली पृथ्वी पोकळ गोळ्यासारखी निघाली, ज्याच्या आत सपाट जमिनीवर माणसे राहतात. काहींच्या मनात दोन पृथ्व्या होत्या, एक पायाखालची सपाट आणि एक आकाशात दूर असलेली गोल. म्हणजे ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत बिनचूक असूनही मनात काही वेगळेच असू शकते. म्हणून या घटकात मी मुलांना उत्तर लिहायला न सांगता चित्र काढायला सांगणार आहे, त्यात माणसे आणि ढग कुठे आहेत तेही दाखवायला सांगणार आहे. ते चित्र ‘नीट’ काढून देण्याचा मोह कृपया टाळावा.

वस्तूंची गरज फार थोडी आहे. भाषेसाठी एकेरी आणि गणितासाठी चौकटींची वही लागेल. चौकटींमुळे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक लिहिणे सोपे जाते, म्हणून गणितासाठी साधी वही चालणार नाही. साध्या लाकडी पेन्सिली, टोकयंत्र, शून्यापासून स्पष्ट रेघा असलेली १५ सेंटिमीटरची पट्टी, कात्री असेल तर बोथट टोकाची, आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. पेन, कंपासपेटी, गाइड आणि सरावाच्या विकतच्या प्रश्नपत्रिका आणू नयेत. प्रत्येक वस्तूवर नाव असावे. खोडरबर मात्र दप्तरात न ठेवता घरीच राहू द्यावा. चूक झाली की मूल तिच्यावर एक आडवी रेघ मारेल आणि पुढे लिहील; यामुळे वह्या आधीपेक्षा अस्वच्छ दिसतील हे मला मान्य आहे आणि ती किंमत मला योग्य वाटते. मातीत काम करण्याच्या दिवशी जुने कपडे घालावेत, त्याची सूचना आदल्या दिवशी वहीत येईल.

गृहपाठ रोज वीस मिनिटांहून अधिक नसेल. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर मुलाला तिथेच थांबवावे, ‘इथे थांबलो’ असे त्याला लिहायला सांगावे आणि खाली आपली सही करावी. अर्धवट गृहपाठासाठी वर्गात कोणालाही बोलणी बसणार नाहीत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गृहपाठाची उत्तरे किंवा पूर्ण झालेल्या पानांची छायाचित्रे टाकू नयेत, ही कळकळीची विनंती आहे. एका मुलाचे सुबक पान संध्याकाळी तीस घरांत पोहोचले की सकाळी माझ्यासमोर तीस सारखी पाने येतात आणि त्यातून मला एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. प्रकल्पांचेही हेच. दुकानातून आणलेली किंवा मोठ्यांनी रात्री जागून केलेली प्रतिकृती वर्गात मांडली जाणार नाही. वाकडा, चिकटपट्टीने कसाबसा जोडलेला, पण मुलाला ज्याबद्दल बोलता येते असा प्रकल्प मांडला जाईल.

यावर काही पालकांनी रास्त शंका विचारली आहे की चुका तशाच राहू दिल्या तर त्यांची सवय लागणार नाही का? लागेल, जर त्या कोणी पाहिल्याच नाहीत तर. चुकीची रीत दहा वेळा गिरवली की ती पक्की होते, हे खरे आहे. म्हणूनच गृहपाठ थोडा ठेवला आहे, आणि तो आल्यापासून दोन शालेय दिवसांच्या आत प्रत्येक मुलाची चूक त्याच्याशी बोलून दुरुस्त करण्याची जबाबदारी माझी आहे. ती पार पडत नाही असे दिसले तर आपण मला अवश्य जाब विचारावा. दुसरी शंका अशी की शेजारच्या वर्गात पालक मदत करतात, मग आमचे मूल मागे पडणार नाही का. या सत्रात वहीच्या नीटनेटकेपणावर आणि गृहपाठाच्या अचूकतेवर कोणतेही गुण नाहीत. ज्या घरात संध्याकाळी अभ्यासाला बसवायला कोणी मोकळे नसते किंवा कोणाचे शिक्षण झालेले नसते, त्या घरातील मुलाची वही यामुळे पहिल्यांदाच इतरांच्या वहीशी बरोबरीने तपासली जाईल, हेही माझ्या मनात आहे आणि ते मी लपवत नाही.

अभ्यासाबाहेरच्या दोन गोष्टी थोडक्यात. सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ मधील शिफारस आहे. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला वजाबाकी शिकवता येत नाही, त्यामुळे गृहपाठ आणि झोप यांत निवड करायची वेळ आली तर झोप निवडावी. दुसरे असे की मूल फळ्यावरचे उतरवताना वारंवार चुकत असेल, पण पुस्तकातले नीट उतरवत असेल, तर ते निष्काळजी आहे असे समजण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. वर्गात मला असे आढळले तर मी कळवीनच. घरी दूरदर्शनच्या फार जवळ जाऊन बसणे किंवा डोळे बारीक करून पाहणे आढळल्यास आपणही कळवावे.

सत्राच्या सहाव्या आठवड्यात पालकसभा होईल. तिथे गुणांचे तक्ते असणार नाहीत. प्रत्येक मुलाची गणिताची वही पहिल्या पानापासून उघडून, कोणत्या प्रकारची चूक कधी दिसली, ती कशामुळे होत होती आणि आता ती होते का, हे मी आपल्याला दाखवीन. सभेला मुलालाही सोबत आणावे, कारण पुष्कळदा ‘तू हे असे का लिहिलेस?’ या प्रश्नाचे उत्तर त्यालाच सर्वांत चांगले देता येते. त्याआधी काही विचारायचे असल्यास वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पाठवावे. त्याच पानावर उत्तर मिळेल.

आपली नम्र,
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी